आडवा रेशा

एव्हाना पुठ्ठा वाकला असेल, असं थोरलीने सकाळपासून चौथ्यांदा मनाशी म्हटलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा. मुलाखत अकराची होती.

समोर शाळेच्या हजेरीपटांचा ढीग शिवायचा पडला होता. तिने दोऱ्याला मेण लावलं, सुई ओवली आणि पुन्हा खाली ठेवली. बाइंडिंगच्या या खोलीत दोघी जावा नऊ वर्षं समोरासमोर बसत आल्या होत्या. आज धाकटीचं स्टूल रिकामं होतं आणि थोरलीचं लक्ष सारखं तिथेच जात होतं.

नकाशांच्या संग्रहालयातल्या नोकरीची जाहिरात खरं तर थोरलीनेच कापून ठेवली होती. जुने, फाटके नकाशे जोडायचे. दिवसभर दुसरं काही नाही. याहून मोठं सुख तिला सांगता आलं नसतं. अटी सात होत्या. सहांपुढे तिने पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या, सातवीपुढे, म्हणजे पदविकेपुढे, फुली मारली आणि कात्रण ड्रॉवरमध्ये ढकललं. मेण शोधताना ते धाकटीला सापडलं. ताई, तुम्ही अर्ज भरताय का, असं तिने विचारलं. छे, मला कुठे वेळ, असं थोरली म्हणाली. मग धाकटीने भरला. सातांतल्या तीन अटी कशाबशा जमत होत्या बाईंना. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीय, असं थोरली मनात म्हणाली आणि निर्धास्त राहिली.

आणि धाकटीला बोलावणं आलं.

तेव्हापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. जिला खळ शिजवायला आपण शिकवलं, जिचे कोपरे अजून फुगतात, ती त्या नकाशांना हात लावणार. शेवटी तिनेच स्वतःहून सांगितलं की नमुने न्यायला एक चांगलं फोल्डर मी बांधून देते. धाकटीला कोण आनंद झाला.

कागदाला लाकडासारखे रेशे असतात. पुठ्ठ्याचे आणि त्यावरच्या कागदाचे रेशे एकाच दिशेने यायला हवेत, हा या धंद्यातला पहिला धडा. कागद आडवा चिकटवला तर वजनाखाली असेपर्यंत काही कळत नाही. बाहेर काढून हवा लागली की पुठ्ठा कडेने उचलायला लागतो. थोरलीने कागद बोटांत वाकवून रेशा पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग आडवा चिकटवला. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं.

एकच्या सुमाराला धाकटी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि फोल्डर टेबलावर ठेवलं. ते होडीसारखं डुगडुगलं.

कशी झाली, असं थोरलीने विचारलं. आवाज नीट निघाला.

धाकटीने सगळं सांगितलं. तिघं जण होते. त्यांतल्या म्हाताऱ्या साहेबांनी आधी नमुने पाहिलेच नाहीत. फोल्डरच्या एका कोपऱ्यावर बोट दाबलं, तर समोरचा कोपरा वर आला. हे असं का झालं, असं त्यांनी विचारलं. रेशा आडवा गेलाय, असं धाकटीने सांगितलं, आणि कागद दोन्ही बाजूंनी वाकवून तो कसा ओळखायचा तेही सांगितलं. थोरली आपलीच वाक्यं ऐकत होती. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी. मग साहेबांनी विचारलं की हे बांधलंय कुणी.

"मग?"

"मी म्हटलं, मी."

थोरलीच्या हातातली सुई राहिली तिथेच राहिली. "माझं नाव का नाही सांगितलंस?"

धाकटीने पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. कोरा अर्ज होता. जागा दोन आहेत, दुसरीसाठी पुरेसे अर्ज आलेले नाहीत, मुदत आठवडाभर वाढवलीय. पदविका नसेल तर कामाची वर्षं लिहिली तरी चालतं, असं तिथला कारकून म्हणाला. फक्त कुणी विचारत नाही.

"पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच साहेबांसमोर बसणार, ताई," धाकटी म्हणाली. "आणि अशी चूक तुमच्या हातून होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे."

आवाजात राग नव्हता. ती आपल्या स्टुलावर जाऊन बसली आणि तिने ढिगातला वरचा हजेरीपट ओढला.

थोरलीला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी हेवाच वाटला. मनाच्या मोठेपणातसुद्धा हिनेच पहिला नंबर पटकावला.

"तुझं काय म्हणाले?" तिने विचारलं.

"कळवतो म्हणाले. असलं फोल्डर घेऊन आलेल्या बाईला काय कळवणार?"

थोरली उठली. फोल्डर उचलून तिने पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घातलं आणि चाक आवळायला लागली.

"तो पुठ्ठा आता सरळ होत नाही, ताई," धाकटी मान वर न करता म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

थोरलीने चाक आणखी एक फेरा आवळलं.