जुनं झाकण, नवी बीअर

झाकणावरून बाटलीच्या गळ्यापर्यंत खुणेसाठी ओढलेली काजळाची रेघ मधेच तुटली होती. झाकणावरचा तुकडा एकीकडे, गळ्यावरचा भलतीकडे. रखमाजीने दुसरी बाटली उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांची तीच तऱ्हा. बाटल्या मात्र गळ्यापर्यंत भरलेल्या.

"पितो आणि वर पाणी भरून ठेवतो," तो स्वतःशीच म्हणाला.

हा पिणारा कोण, हे ठरवायला त्याला वेळ लागला नाही. बाटल्यांच्या खोलीत घरातलं एकच माणूस झोपायचं, आणि तो बायकोचा भाऊ होता.

मुंबईची गिरणी सुटली तेव्हा भिमाजी चार दिवसांसाठी म्हणून लोणावळ्याला आला होता. ते चार दिवस गेल्या दिवाळीच्या आधी सुरू झाले होते. गावाकडचं, बेडश्याचं घर भावकीने गिळलेलं. इथून उठवला तर त्याला जायला जागा नव्हती. हे अंबूबाई नवऱ्याला वरचेवर ऐकवायची, आणि मेव्हण्याला उठवायचा विचार रखमाजीला तितक्याच वेळा सुचायचा. अडलं होतं ते पुराव्यावाचून.

बीअर हा रखमाजीचा पेन्शनीतला उद्योग. सगळी हयात घाटात रेल्वेचा गार्ड म्हणून गेली. साहेबलोक पहिल्या वर्गात बाटल्या अर्ध्या टाकून उतरत, आणि बाकीचा स्टाफ त्यांवर तुटून पडे. रखमाजीने कधी थेंब चाखला नाही. "गोऱ्याचं उष्टं पिण्यापेक्षा मोरीचं पाणी पिईन," असं तो एकदा भर प्लॅटफॉर्मवर बोलला होता, आणि ते लोकांनी विसरू नये म्हणून अधूनमधून पुन्हा बोलत असे. प्यायची तर स्वतःच्या हातची. पहिल्या खेपेनंतर तो दोन दिवस अंथरुणातून उठला नव्हता, पण पुढच्या खेपेपासून हात बसला. आता चव अशी, की ओळखीचे लोक वाट वाकडी करून येत.

खोड एकच. फेस धरत नव्हती. तो दोष झाकणांचा. लढाईने सगळा पत्रा गिळला होता आणि नवं झाकण औषधालाही मिळत नव्हतं. अंबूबाई टेकडीवरच्या गोऱ्यांच्या लष्करी मेसमध्ये म्हशीचं दूध घालायला जायची. येताना तिथला बेअरा कादर तिच्या पदरात वापरलेली झाकणं घालायचा. दुधाची रिकामी किटली ती भरलेली असल्यासारखी जपत घरी आणायची. बायकांना भांड्यांचं कौतुक असतंच.

रखमाजी झाकणं ठोकून सरळ करी, उकळत्या पाण्यातून काढी, बाटलीवर ठेवून वर लोखंडी साचा उपडा घाली आणि मोगरीचा एक ठोका देई. झाकण बसे. पण एकदा वाकलेलं झाकण म्हणजे फितलेला साक्षीदार. वारा सोडणारच. त्यात ती मोगरीही जाग्यावर राहत नसे. हटकून स्वयंपाकघरात सापडे.

"शेंगा फोडाया नेल्ती," अंबूबाई सांगायची.

त्या आठवड्यात रखमाजीने वाण्याकडून जमालगोटा आणला. नवी खेप भरताना प्रत्येक बाटलीत चिमूट सोडली, झाकणं ठोकली, रेघा ओढल्या आणि रोजच्यासारखा गाड्या बघायला स्टेशनवर गेला. जाताना गोठ्यात म्हैस डोळे मिटून डुलत उभी दिसली. हल्ली ती अशीच उभी राहायची. भिमाजी म्हणे, म्हातारी झाली.

रविवारी रिटायर स्टेशनमास्तर मारुतीराव आले. रखमाजीने त्यांच्यापुढे मागच्या खेपेची बाटली फोडली आणि स्वतःचाही पेला भरला. भिमाजी उंबऱ्यावर भाकरी खात बसला होता. रखमाजीचं लक्ष त्याच्या पोटाकडे होतं.

"काय भिमाजी, पोटबिट ठीक?"

"ब्येस हाय की दाजी. का?"

"काही नाही. तांब्या दाराशी भरून ठेवलाय. लागला तर असू दे."

"माजा तांब्या मला घावतो," भिमाजी म्हणाला आणि दुसरी भाकरी घेतली.

मारुतीरावांनी घोट घेऊन मान डोलावली. "रखमाजी, तुमच्या हाताला तोड नाही. डोळे मिटले की साहेबाच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं."

"म्हणून तर चोर लागलेत," रखमाजी मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "आज एकाचं गाठोडं घराबाहेर पडणार आहे."

चुलीपुढे अंबूबाईचा हात थांबला. "कुणाचं?"

"ज्याचं पोट बोलेल त्याचं. नव्या बाटल्यांत जमालगोटा घातलाय. सकाळी बघितल्या, एकूण एक उघडलेल्या."

भिमाजी शांतपणे भाकरी चावत राहिला. रखमाजीला हे निर्ढावलेपण फार लागलं. तो काही बोलणार, तेवढ्यात मागच्या दाराने शेजारची बयाबाई दुधाचा गडू रिकामाच घेऊन आली.

"अंबूबाई, म्हशीला काय घातलंस गं? समदा गोठा भरलाय. तिला उभं बी राहवंना."

भिमाजीने चावणं थांबवून बहिणीकडे बघितलं. बहिणीने गोठ्याकडे.

"पयल्या खेपंला तुमी मरता मरता वाचलात," अंबूबाई नवऱ्याला म्हणाली. "करू नका म्हटलं तर ऐकनार न्हाई. वतून टाकाया जिवावर आलं, म्हनून म्हशीला पाजते. तिला सोसतंय. दूध बी वाढलं."

मारुतीरावांनी आपला पेला उजेडाकडे धरून नीट न्याहाळला, आणि खाली ठेवला.

रखमाजीच्या हातातला पेला एव्हाना रिकामा झाला होता.

"माझी बीअर म्हैस पिते," तो सावकाश म्हणाला. "मग इतके दिवस मी काय पितोय?"

"झाकनांसंगंच येतं की," अंबूबाई म्हणाली. "कादरभाई गिलासं इसळायच्या आदी किटलीत काढून ठेवतो."