अर्पणपत्रिकेचं पान

"वाचा ना, नाना," म्हणत वसुधाने नवंकोरं पुस्तक वडिलांच्या हातात देऊन अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. मुलं वाचायला कशी शिकतात, यावर बरीच वर्षं संशोधन करून तिने लिहिलेलं हे पहिलं पुस्तक. नानांची स्मृती ओसरत चालली होती. पुरती जाण्याआधी त्यांनी हे पान वाचावं, म्हणून तिने छपाईची घाई केली होती.

"मास्तरांचीच परीक्षा घेतेय बघा कार्टी!" कोथिंबीर निवडता निवडता आई म्हणाली.

नानांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचायचे तशा खणखणीत आवाजात वाचलं, "ज्यांच्या मांडीवर बसून मी वाचायला शिकले, त्या माझ्या नानांना."

एक काना-मात्रा चुकली नाही. आईने डोळ्यांना पदर लावला. नुसतं घडाघडा म्हणून दाखवणं म्हणजे वाचन नव्हे, अर्थ कळला का ते विचारा, असं वसुधा गावोगावच्या शिक्षकांना बजावत आली होती. आज मात्र तिचाच धीर होईना. एवढ्यावरच पूर्ण गुण देऊन पुस्तक मिटून टाकावं, असं तिला वाटलं.

पण नानांनीच मान वर केली. "छान लिहिलंय हो बाई. वडिलांवर फार जीव दिसतो तुमचा."

"आहेच," ती म्हणाली.

"मग दाखवलंत की नाही त्यांना?"

आईचे हात कोथिंबिरीत थांबले.

"दाखवलं ना. त्यांनी स्वतः वाचलं."

"अरे वा! काय म्हणाले?"

"छान लिहिलंय म्हणाले."