पुरं नाव

सुजितने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा प्राप्तीने लॅपटॉप मिटला.

"कापणार नाही," ती म्हणाली.

श्रीवर्धनच्या होड्यांसाठी कंपनीने एक यंत्र केलं होतं. समुद्रात जिवावर बेतलं की बटण दाबायचं; होडीचं नाव आणि ठिकाण किनाऱ्यावर पोचतं. नाव मात्र होडीवाल्याने आधीच टाइप करून ठेवायचं. ते थेट कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या काळजात जातं. न मोजता घेतलेलं लांबलचक नाव तिथे शेजारीच साठवलेल्या होडीच्या ठिकाणावर सांडतं, ते पुसून टाकतं, आणि यंत्र आंधळं होतं. हा भाग प्राप्तीकडे होता. पहिल्या यंत्रांतलं एक तिच्या बाबांच्या, बुधाजींच्या होडीवर जायचं होतं.

सुजित तिचा साहेब. त्याचं म्हणणं, मापाबाहेरची अक्षरं गुपचूप छाटून टाक, कोण बघतंय! प्राप्तीचं डोकंच फिरलं. पनवेलच्या एसीत बसून याला काय कळणार कप्पाळ? श्रीवर्धनला निम्म्या होड्यांची नावं एकाच देवीच्या नावाने सुरू होतात, घरच्या माणसांची नावं शेवटी येतात. अर्धं नाव आलं तर शोधणारे भलत्याच्याच घरी फोन लावतील.

"घेईल तर पुरं नाव घेईल, नाहीतर परत करील. आणि नाव घेतल्याशिवाय यंत्र सुरूच होणार नाही," ती म्हणाली. "पटत नसेल तर दुसरी कोणी बघा."

सुजितने नोकरीची भीती घातली. ती बधली नाही. बंदरभर हिंडून तिने सगळ्यांत लांब नाव शोधलं. ते बाबांच्याच होडीचं निघालं. तेच माप तिने पक्कं केलं. शेवटी साहेब नमले, आणि यंत्रं वाटली गेली.

महिन्याभराने ती सुट्टीवर घरी यायला निघाली, त्याच दिवशी वारं फिरलं. ती तडक बंदरावर गेली. पडद्यावर एकेका होडीची हाक उमटत होती, पुऱ्या नावासकट, आणि मदतीच्या बोटी बरोबर तिथेच निघत होत्या. तिचा ऊर भरून आला. नाही कापलं ते बरंच केलं.

बुधाजींची हाक मात्र येईना.

ती धावत घरी गेली. यंत्र फळीवरच होतं, बंद. आई, जनी, भिंतीला टेकून बसली होती.

"नाव घेईना गो ते, म्हनून हितंच ठेवून दर्यात गेले," जनी म्हणाली. "गेल्या हप्त्यात त्यांनी होडीवर शेवटी तुजं नाव रंगवून घेतलं, नि यंत्रातबी तसंच लिवाया लागले. तू आलीस का दाखवनार होते. मी म्हटलं, तेवढं सोडून लिवा. तर म्हनाले, पोरीचं नाव कापून मी दर्यात जानार न्हाय."