नळीची वाट

गजराबाईची उजवी पापणी मिटून गेली होती. डॉक्टरांनी ती बोटानं उचलली, बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. परवा कापूस वेचताना डोक्यात घण घातल्यासारखी कळ आली आणि ती तिथेच ओकून पडली होती. कोरीटहून बैलगाडीत घालून तिला नंदुरबारला आणलं होतं.

"मेंदूतली एक नस फुग्यासारखी फुगलीय," डॉक्टर तिच्या नवऱ्याला, रतिलालला म्हणाले. "परवा थोडी फुटली. पुन्हा फुटली तर बाई हाती लागणार नाही. आजच मुंबईला न्या. मानेच्या नसेत औषध सोडून फोटो काढतील, मग कवटी उघडून ती नस बांधतील."

"डोकं भादरनं पडी का?" सासूनं, दगूबाईनं विचारलं.

"हो तर."

दगूबाई स्टुलावरून उठलीच. "नवरा जित्ता शे अन् बाईनं डोकं भादरानं? मन्हा पोऱ्याना जीववर उठनात का तुम्हीन?"

"मी जासू मुंबईले," गजराबाई पडल्या पडल्या म्हणाली. "केस काय, परत येतीन."

तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. रतिलाल डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, केस नई काढता काही व्हत नई का?"

"अमेरिकेत प्रयोग चाललेत. मानेतून बारीक नळी सरकवत थेट मेंदूतल्या नसेपर्यंत जायचं. कवटी उघडायची गरज नाही."

रतिलालचा चेहरा उजळला. "मंग आम्हीन त्या नळीनी वाट दखसूत."

"अहो, ती इथं यायला एक पिढी जाईल! ही नस आठवडाभर तरी थांबेल का, सांगता येत नाही."

"वाट दखसूत, साहेब," रतिलाल पुन्हा म्हणाला. आईकडे बघून.

गजराबाई भिंतीला धरून उठली. ट्रेमधली पट्ट्या कापायची कात्री तिनं उचलली, अंबाडा सोडला आणि मानेपाशी वेणी कचाकच कापली. दगूबाईच्या मांडीवर टाकली.

"ल्या. आते भादराले काय ऱ्हायनं? चला मुंबईले."

दगूबाई किंचाळली. रतिलालनं बायकोच्या हातातली कात्री हिसकावली.

"हिनं डोकं फिरी गयं, साहेब," तो म्हणाला. "हाऊ रोग तुमना नई. भगतना शे."

डॉक्टर दारात आडवे उभे राहिले. रतिलालनं हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच त्यांना बाजूला सारलं.

भगतानं धुरी दिली, लिंबू उतरवलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी, त्याच्याच अंगणात, गजराबाईनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ती कलंडली.

तिला हिरवं लुगडं नेसवलं. कपाळभर कुंकू लावलं. दगूबाईनं पदर भुवयांपर्यंत ओढून पक्का खोचला. गावातल्या बाया एकेक करून पाया पडल्या.

"नशीबनी शे," एक म्हणाली. "नवराना आगोदर अहेव गयी."

रतिलाल खाली मान घालून उभा होता. दगूबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.