चौथा पाइप

“यात वास ओतलाय,” नाकसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेटता पाइप टेबलावर आपटला.

पाइप क्लबाच्या वार्षिक तंबाखू-परीक्षेला हॉलमध्ये जमलेले सगळे आपल्या मुख्य परीक्षकांकडे वळले. इंग्रजी धाटणीच्या तंबाखूत वरून वास ओतणं म्हणजे महापाप. तिथं जे काही बोलायचं ते पानांनीच: गोडसर पिवळं पान, किंचित आंबूस बारीक पान आणि लाकडाच्या धुरावर काळं केलेलं पान. त्यावर व्हॅनिला किंवा चेरीचा थेंब पडला, की डबा बाद. हा नियम नाकसाहेबांनीच लिहिला होता. त्यांचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. ते नाकानं ओळखले जात आणि त्या नाकावर माशीही बसू देत नसत.

डब्यांवर नुसते आकडे होते, पण चौथा डबा कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. नाकसाहेबांच्या दिवंगत मित्राची मुलगी वडिलांचंच मिश्रण त्यांच्याच प्रमाणात बनवून घेऊन आली होती. क्लबाची मोहोर मिळाली तर बडा व्यापारी तिचा माल उचलणार होता. नाही मिळाली, तर वडिलांच्या दुकानाला कुलूप. नाकसाहेबांना हे पक्कं माहीत होतं. त्या दुकानात बसून त्यांनी जन्मभर फुकट तंबाखू ओढली होती.

आता त्यांनी आकाशपाताळ एक केलं. बापानं कमावलं ते लेकीनं धुळीला मिळवलं म्हणाले. ही तंबाखू आहे की बेकरीतला केक, असंही विचारलं. दुसरे परीक्षक दाताचे डॉक्टर होते. आपल्याला तरी तसा वास आला नाही, असं ते हळूच म्हणाले. त्यावर, दिवसभर लवंगेच्या तेलात बुडालेल्या नाकानं बोलू नये, असं त्यांना ऐकावं लागलं. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. या क्लबात सगळेच गप्प बसत, हीच तर संतापाची गोष्ट होती.

मुलगी मात्र उठली. ती थेट नाकसाहेबांच्या टेबलापाशी गेली.

“काका, तुमचा तो पाइप जरा द्या.”

तिनं तो झाडला आणि तारेच्या काडीनं आतून साफ केला. नाकसाहेब प्रत्येक डब्यासाठी वेगळा पाइप वापरत. तापलेल्या पाइपात दुसरी तंबाखू खरी कळत नाही म्हणून. चारही पाइप एकसारखे होते आणि त्यांची पेटी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सकाळी भरली होती. मुलीनं त्या चौथ्या पाइपात पहिल्या डब्यातली तंबाखू भरली. त्या डब्याची नाकसाहेबांनी थोड्या वेळापूर्वी तोंड भरून स्तुती केली होती. पाइप पेटवून तिनं डॉक्टरांच्या हातात दिला.

डॉक्टरांनी दोन झुरके घेतले. “व्हॅनिला,” ते म्हणाले, आणि नाकसाहेबांकडे बघायचं टाळू लागले.

नाकसाहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. पण क्षणभरच.

“वास येणारच,” ते म्हणाले. “हिचीच तंबाखू मी आत्ता त्यात ओढली. लाकूड वास धरून ठेवतं, हे मी तुम्हाला किती वर्षं शिकवतोय?”

माना डोलल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात, तर चोर कोण तेच अजून ठरत नव्हतं. चिटणीसांनी बाद झालेल्या डब्यांवर मारायचा शिक्का उचलला. मुलगी काही बोलायला गेली, पण त्यांनी चौथा डबा पुढे ओढलाही होता.

भिंतीजवळच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. पाइपांची पेटी सांभाळायला त्या दरवर्षी यायच्या आणि दरवर्षी तिथंच बसायच्या. या नाकाला जपण्यात त्यांचा सगळा संसार गेला होता. घरात अत्तर नाही, पावडर नाही, केसांना वासाचं तेल नाही. लग्नात आईनं दिलेली अत्तराची कुपी नाकसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात मोरीत ओतली होती. तेव्हापासून काकू कपडे धुवायच्या साबणानं अंघोळ करत आल्या. हे सगळं त्यांनी हसून सोसलं, असं लोक म्हणत. हसताना मात्र त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

काकू उठल्या. त्यांनी डॉक्टरांच्या हातून पाइप घेतला आणि नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

“तू बस, तुला यातलं काही कळत नाही,” नाकसाहेब म्हणाले.

“वास कळतो,” काकू म्हणाल्या. “सकाळी पेटी भरताना हा पाइप जागेवर नव्हता. यांच्या रेनकोटच्या खिशात सापडला, म्हणून मी आणून ठेवला. तेव्हाही त्याला हाच वास होता. यांच्या रुमालांना तर कित्येक वर्षं आहे. विचारलं की म्हणायचे, क्लबातल्या हलक्या लोकांचा धूर बसतो.”

हलके लोक एकमेकांकडे बघू लागले. नाकसाहेबांनी खिशातून अर्धा बाहेर काढलेला रुमाल पुन्हा आत कोंबला. चिटणीसांनी हातातला शिक्का खाली ठेवला, दुसरा उचलला आणि चौथ्या डब्यावर क्लबाची मोहोर उमटवली.

काकूंनी तो पाइप नवऱ्यापुढे ठेवला. पेटी उघडीच राहू दिली. मग मुलीचा हात धरून त्या दाराकडे निघाल्या.

“चल गं,” त्या म्हणाल्या. “वाटेत दुकानात थांबू. मला वासाचा साबण घ्यायचाय.”