मौनाचं जेवण

चातुर्मासात मी मौन धरून जेवते. ताटावर एक शब्द जरी तोंडून गेला तरी हात धुवायचा, मग दिवसभर अन्न घ्यायचं नाही. आमचे हे, गावाचे मास्तर, मुद्दाम समोर बसून काय काय सांगायचे. हसू यायचं, पण मी कधी बोलले नाही. "एक दिवस तुला बोलायला लावतोच," म्हणायचे. ते राहूनच गेलं.

मास्तरांच्या माघारी त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावानं प्रतिष्ठान काढलं. इथं मढ गावात आमच्याच ओसरीवर त्यांची अभ्यासिका भरते. मी पानावर बसले की पोरंही गप्प होतात.

काल पहिलाच घास घेतला आणि मेंढरंवाल्या गोरक्षभाऊंची प्रांजल, याच अभ्यासिकेत अभ्यास केलेली, मोबाईल घेऊन धावत आली. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागतो का, ते कळायचं होतं. नाही लागला तर लग्नाचं बघायचं, असं तिच्या घरी ठरलेलं.

"काकू!"

"ए, गप! काकू जेवत्यात," अभ्यासिकेतल्या समर्थनं तिला दारातच अडवलं.

तिनं तोंडावर हात दाबला. डोळ्यांतून नुसतं पाणी. आनंदाचं की कसलं, काही कळेना. घास माझ्या हातातच राहिला.

"अगं बये, लागला का नंबर?"

"लागला की वो, काकू! पर तुमचं जेवान..."

मी हात धुतला. देवापुढची साखर पोरांच्या हातावर ठेवली आणि मास्तरांच्या फोटोपुढे उभी राहिले.

"लावलंत ना शेवटी बोलायला!"