झाकण

ओट्यावर बर्फाची मोठी पेटी, आज बर्फाविना. कितीही धुतली तरी मासळीचा वास न सोडणारी.

वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबील उलटायचे राहिलेत.

हेमांगीच्या मोबाईलवर एक व्हिडिओ. निपचित पडलेलं बाळ. कुणाचं, कुठलं, कुणास ठाऊक. खाली एवढंच लिहिलेलं: सुईनंतर.

वाळूत चपलांचा आवाज. जवळ येणारा.

दमयंती सिस्टर ओट्यावर चढल्या तेव्हा हेमांगी पेटीला पाठ लावून उभी होती.

"दर्पण कुठाय गं? आज तिसरी सुई त्याची."

"नाय तो. मनोरला नेलाय, मावशीकडं."

"अंगावर पिणारं पोर? आईला सोडून?"

"तुमच्या भ्यानं गेला!" बोंबलांच्या आडून सासू, गोदूबाई, ओरडली. "मागल्या सुईला रातभर फणफणला. मांडीवर ही सुपारीएवढी गाठ. तेवा कोन आलेला बगायला?"

"ताप येतो आजी, नि उतरतो." सिस्टर हसल्या. "म्हणजे आज माझी पेटी भरलेलीच परत. मासळी खपली नाही की तुम्ही येता ना, तशी."

त्यांनी खांद्यावरची लसींची छोटी निळी पेटी खाली ठेवली. "आशाताई येईपर्यंत टेकते," म्हणाल्या आणि हेमांगीला वळसा घालून मोठ्या पेटीवर बसल्या.

झाकण हवेपुरतं तिरकं ठेवलं होतं. ते गच्च बसलं.

आत दर्पण होता. दूध पिऊन झोपलेला, गोधडीत.

नवऱ्याने त्या झाकणाला परवाच नवी रबरी पट्टी लावली होती. आता वाराही शिरायचा नाही, म्हणाला होता. बर्फ जसाच्या तसा राहील.

सिस्टर बोलत होत्या. ऊन, रिक्षा, दातिवऱ्याचा रस्ता. हेमांगीला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. इतका वेळ ती मनात म्हणत होती, रडू नको रे बाळा. आता म्हणायला लागली, रड.

पेटी गप्प.

गोदूबाईच्या हातातले बोंबील वाळूत पडले.

"रड ना रे," हेमांगी मोठ्याने म्हणाली.

"काय गं?"

"उठा! सिस्टर, उठा! आत हाय तो!"

झाकण कुणी उघडलं ते तिला कळलं नाही. दर्पण घामाने निथळत होता. तोंड उघडं. आवाज नाही.

सिस्टरांनी त्याला उचलून उलटा धरला, पाठ चोळली, पुन्हा चोळली.

मग तो रडला. असा रडला की शेजारच्या ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

सिस्टरांनी निळी पेटी पुढे ओढली. घामाने ओल्या बोटांना तिची कडी निघेना. हेमांगीनेच ती काढून दिली. मग दर्पणला मांडीवर घेतलं, त्याचं झबलं वर केलं आणि डोळे मिटले.

मागच्या सुईचा ताप दुसऱ्या दिवशी सकाळी, नवऱ्याची होडी किनाऱ्याला लागायच्या आत, उतरला होता.